ताराब आणि स्वाहिली किनाऱ्याचे संगीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील संगीताबद्दल मराठी वाचक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक, मग गुंतागुंतीचे. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी परत सांगितलेली नाही. तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ताराब म्हणजे नेमकं काय?

स्वाहिली भाषेतली कविता वाद्यवृंदासह गाण्याची परंपरा म्हणजे ताराब. झांझिबार, मोम्बासा, लामू, टांगा, दार एस सलाम आणि कोमोरो बेटे ही तिची मुख्य ठाणी. पुढे एक गायक किंवा गायिका, मागे साथीला गाणारे, आणि वादक चार-पाचापासून तीस-चाळीसपर्यंत कितीही. लग्न, ईद आणि क्लबचे वार्षिक कार्यक्रम हे ताराबचे नेहमीचे प्रसंग. वाद्ये पाहून ती अरबी मैफल वाटते आणि काही चाली ऐकून जुना हिंदी चित्रपट आठवतो, पण किनाऱ्यावरचा श्रोता आधी शब्द ऐकतो. कविता कच्ची असेल तर वाद्यवृंद कितीही मोठा असला तरी गाणे पडते.

२. स्वाहिली किनारा कुठून कुठपर्यंत, आणि तिथे इतके प्रभाव आलेच कसे?

दक्षिण सोमालियातल्या बरावापासून केनिया, टांझानिया ओलांडून उत्तर मोझांबिकपर्यंत, शिवाय समोरची बेटे. भाषा बांटू कुळातली. तिच्यात अरबी शब्दांची भर मोठी आहे, आणि फारसी, पोर्तुगीज व भारतीय भाषांतले शब्दही आहेत.

प्रभाव आले ते वाऱ्यामुळे. साधारण डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून ‘कास्काझी’ वाहतो आणि अरबस्तान, कच्छ, कोकणच्या बाजूने येणारी गलबते खाली आणतो. एप्रिलनंतर नैऋत्येचा ‘कुसी’ सुरू झाला की ती परत फिरतात. वारा फिरेपर्यंत खलाशी आणि व्यापारी बंदरातच अडकून पडत. त्या मुक्कामांत लग्ने झाली, घरे झाली, वाद्ये हातोहात फिरली. विसाव्या शतकात हेच काम आगबोट, ग्रामोफोन आणि सिनेमाने केले.

३. स्वाहिली संगीत म्हणजे ताराबच का?

नाही. ताराब जगाला जास्त माहीत आहे, एवढेच. स्थानिक ढोलांवरचे नाच-गाणे म्हणजे ‘न्गोमा’, आणि त्याचे प्रकार पुष्कळ. लग्नात बायका कंबर हलवून नाचतात तो चकाचा. म्हशीच्या शिंगांवर काठीने ठेका धरून गातात तो वुगो. हातातल्या छोट्या पट्ट्या वाजवत ओळीने उभ्या राहून करतात तो लेलेमामा. लाठ्यांचा पुरुषी नाच तो किरुंबिझी. पेम्बा बेटावर पायाला वाळलेल्या पानांची खुळखुळी बांधून नाचतात तो म्सेवे. मिरवणुकीत ‘झुमारी’ वाजते. ती आपल्या सनईच्या कुळातली. लामू-पाटे भागातल्या सरदारांकडे ‘सिवा’ नावाचे मोठे शिंग असे, हस्तिदंताचे किंवा पितळेचे, आणि ते सत्तेचे चिन्ह होते. बेनी (प्रश्न १०), किडुंबक (प्रश्न ११) आणि धार्मिक गायन (प्रश्न १४) हे आणखी वेगळे.

४. ताराबची सुरुवात झांझिबारला झाली की लामूला?

दोन्ही गावे दावा सांगतात आणि दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. झांझिबारची परंपरा सुलतान बरघश बिन सैद (कारकीर्द १८७० ते १८८८) याचे नाव घेते. त्याने इजिप्तचे वादक दरबारी आणले, आणि मोहम्मद इब्राहिम नावाच्या माणसाला कानून हे तंतुवाद्य (प्रश्न ५) शिकायला कैरोला पाठवले, असे तिथे सांगतात. हाच बरघश तरुणपणी, १८५९ मध्ये भावाविरुद्धचे बंड फसल्यावर, मुंबईत हद्दपारीत होता. १९०५ मध्ये झांझिबारला इख्वानी सफा हा क्लब स्थापन झाला आणि तो आजही आहे.

लामूचे म्हणणे असे, की त्यांच्याकडे गाम्बुस (प्रश्न ५) घेऊन स्वाहिली कविता गाण्याची पद्धत दरबाराच्या आधीपासून होती. आमच्या मते वाद फुकाचा आहे. मोठा वाद्यवृंद कैरोच्या वळणाने झांझिबारला रुजला. एक तंतुवाद्य, एक-दोन तालवाद्ये आणि लांब कविता ही जुनी पद्धत उत्तर किनाऱ्याची. पुढे दोन्ही एकमेकांत मिसळल्या.

५. कोणकोणती वाद्यं असतात? आपल्या कुठल्या वाद्यांशी त्यांचं जुळतं?

झांझिबारच्या मोठ्या वृंदात ही दिसतील:

*कानून* (तिकडे ‘कानुनी’): मांडीवर आडवी ठेवायची समलंब चौकोनी पेटी, साधारण ७२ ते ७८ तारा, तीन-तीन तारा एका सुराला. दोन्ही तर्जन्यांना अंगठीत अडकवलेल्या नख्यांनी छेडतात. स्वरमंडळाशी दिसायला साम्य आहे, पण इथे तिच्यावर पूर्ण चाल वाजते. डाव्या बाजूला धातूच्या छोट्या कळी असतात. त्या उचलून-पाडून गाणे चालू असतानाच एखादा स्वर किंचित चढवता-उतरवता येतो.

*ऊद*: फुगीर पाठीचे, आखूड दांडीचे, पडदे नसलेले तंतुवाद्य. बहुधा ११ तारा: पाच जोड्या आणि एक एकेरी.

*व्हायोलिन*: दोन-तीनपासून आठ-दहापर्यंत. गायकाची ओळ संपली की तीच ओळ उचलून धरणे हे त्यांचे काम.

*अकॉर्डियन*, *नाय* (वेताची बासरी), चेलो किंवा डबल बास. तालाला *डुंबक* (एकतोंडी, पेल्याच्या आकाराचा), *रिका* (झांजा लावलेली डफली) आणि बोंगो.

मोम्बासाला चित्र बदलते. तिथे हार्मोनियम आणि तबला मिळतो, आणि एक वाद्य तर मुंबईकर डोळे मिटून ओळखेल: तैशोकोतो. टाइपरायटरसारखी बटणे डाव्या हाताने दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. १९१२ च्या सुमारास जपानमध्ये नागोयाला ते जन्माला आले, आपल्याकडे ‘बुलबुल तरंग’ झाले, आणि मुंबईच्या बँजो पार्ट्यांत ज्याला ‘बँजो’ म्हणतात ते हेच. मोम्बासाने त्याला पिकअप (तारांचा आवाज विजेवर मोठा करणारे साधन) लावून ताराबमध्ये बसवले. लग्नाच्या गर्दीवर मात करील असा टोकदार आवाज हवा होता, आणि तो यातून मिळतो.

लामूचे गाम्बुस किंवा किबांगाला हे येमेनच्या वळणाचे: एकाच लाकडातून कोरलेले, वर कातडे ताणलेले. आता फार थोड्या हातांत उरले आहे.

६. अरबी किती, आफ्रिकन किती, भारतीय किती? टक्केवारी सांगता येईल का?

नाही, आणि ती मागूही नये. प्रभाव एकत्र ढवळलेले नाहीत. प्रत्येकाने गाण्याचा वेगळा भाग व्यापला आहे. ऐकताना चार प्रश्न विचारा.

वाद्यवृंद कुठला वाटतो? झांझिबारचा असेल तर बहुधा कैरोचा. सुरुवातीला नुसते वाद्यसंगीत वाजते त्याला ‘बश्रफ’ म्हणतात. तो प्रकार तुर्की दरबारातून इजिप्तमार्गे आला.

चाल कुठली? अरबी मकामातली (मकाम म्हणजे साधारण आपल्या रागासारखी चौकट, प्रश्न ७) असू शकते, हिंदी चित्रपटातली असू शकते (प्रश्न ९), किंवा न्गोमातून थेट उचललेली.

ठेका कुठला? आफ्रिका इथे सर्वांत स्पष्ट ऐकू येते. चकाचाचा ठेका सहा मात्रांचा आहे. दादरा अंगात असेल तर तुम्ही ३+३ मोजाल, आणि एक ढोल बरोबर तसाच चालेल. पण दुसरा त्याच सहा मात्रा २+२+२ अशा तोडत असतो. दोन्ही एकदम ऐकू यायला लागले की ठेका समजला. कुम्ब्वाया हाही न्गोमाचाच ठेका ताराबमध्ये आलेला. १९५० नंतरच्या गाण्यांत क्युबन रुंबा आणि बोलेरोही सापडतील. ते रेकॉर्डवरून आले.

शब्द कुठले? स्वाहिली. वृत्तही किनाऱ्याच्या काव्यपरंपरेतले. बाकी तीन गोष्टी गाण्यागणिक बदलतात, ही सहसा बदलत नाही. (अपवाद प्रश्न १५ मध्ये.)

७. मी हिंदुस्थानी संगीत शिकलोय. मकाम म्हणजे रागच ना?

स्वरांच्या पातळीवर ओळख पटेल. अजम म्हणजे बिलावलचे स्वर, कुर्द म्हणजे भैरवीचे, हिजाझ म्हणजे बसंत मुखारीचे, हिजाझकार म्हणजे भैरवचे, आणि नहावंदच्या एका रूपात कीरवाणी ऐकू येते. चलन मात्र वेगळे. मकाम चार-पाच स्वरांच्या तुकड्यांनी बांधतात, आणि गाण्याच्या मध्यावर वरचा तुकडा बदलून दुसऱ्या मकामात जाणे हे तिथे कौशल्य मानले जाते. आपण ज्याला रागभंग म्हणू ते.

खरी अडचण रास्त आणि बयातीत येते. रास्तचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये बसतो, बयातीचा रिषभही तसाच. व्हायोलिन, ऊद, कानून, नाय हे काढू शकतात. साधे अकॉर्डियन आणि कीबोर्ड काढू शकत नाहीत. म्हणून अकॉर्डियन पुढे असलेल्या वृंदात नहावंद, हिजाझ, कुर्द, अजम यांच्याकडे ओढा दिसतो. एखाद्या ध्वनिमुद्रणात व्हायोलिने आणि अकॉर्डियन एका स्वरावर भांडताना ऐकू आली, तर वादक बेसूर आहेत असे लगेच म्हणू नका. तो बहुधा हाच मधला स्वर असतो.

८. ताराबच्या कवितेची बांधणी कशी असते?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, आणि सगळे याच्यावरच उभे आहे.

दोन शब्द लक्षात ठेवा: ‘मिझानी’ म्हणजे अक्षरसंख्या, ‘विना’ म्हणजे यमके. स्वाहिली कविता लघु-गुरू मोजत नाही, अक्षरे मोजते. ओवी-अभंगांवर वाढलेल्या मराठी कानाला हे परके नाही. मुख्य प्रकार तीन:

शाइरी: चार ओळींचे कडवे, प्रत्येक ओळीत १६ अक्षरे, मध्ये थांबा, म्हणजे ८+८. पहिल्या तीन ओळींत मधल्या थांब्याचे यमक एक आणि ओळीच्या शेवटचे दुसरे. चौथी ओळ बहुधा यमक पालटते, किंवा प्रत्येक कडव्यात तीच परत येते. तेव्हा तिला ‘किबवागिझो’ म्हणतात.

विंबो: तीन ओळी, प्रत्येकी १२ अक्षरे. गाण्यासाठी सर्वांत सोयीचा.

उतेंडी: ८ अक्षरांच्या चार ओळी, पहिल्या तीन आपापसांत जुळतात, आणि चौथीचे यमक सबंध काव्यभर एकच. हा दीर्घ कथाकाव्याचा साचा आहे. ताराबमध्ये तो कमी.

बारा अक्षरांचा तोल ऐकायचा असेल तर एक म्हण मोठ्याने म्हणा: ‘हाराका हाराका, हाइना बाराका’. अर्थ, घाईघाईत बरकत नाही. सहा अक्षरे, थांबा, सहा अक्षरे, आणि दोन्ही टोकांना ‘का’. विंबोची ओळ अशीच चालते.

मोजताना मराठी माणूस एका जागी हमखास चुकतो. ‘म्तू’ (माणूस) आपल्याला एक अक्षर वाटते. स्वाहिलीत ती दोन आहेत, म्-तू. शब्दारंभी व्यंजनापुढे असा सुटा ‘म्’ आला की तो बहुधा स्वतंत्र मोजतात. हे विसरलात तर प्रत्येक कडव्यात एखाद-दुसरे अक्षर कमी भरते आणि कवी चुकला असे वाटू लागते. दुसरे, बोलण्यात आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो, पण चाल तो पाळेलच असे नाही. उरलेली जागा ‘ए’, ‘वांगू’ (माझ्या) अशा भरीच्या शब्दांनी भरतात. ते मोजायचे नाहीत.

कविता बरेचदा एकाची, चाल दुसऱ्याची, आवाज तिसऱ्याचा. आणि अर्थ सरळ सांगायचा नाही. मोगरा, पोपट, जहाज, काटा यांच्याबद्दल बोलायचे आणि माणसाबद्दल ऐकायला लावायचे. याला ‘माफुंबो’ म्हणतात. गाणे रंगते ते ‘हे कोणाला उद्देशून?’ यावर. बायकांच्या खांगा नावाच्या वस्त्रावर छापलेली ओळही हेच काम करते. त्या खांगांपैकी बऱ्याच आजही भारतात छापल्या जातात.

९. ताराबचा मुंबईशी खरंच संबंध आहे का, की आपण उगाच जोडतोय?

खरा आहे, आणि तो दोनदा आला.

पहिला सिती बिंती साद हिच्यामुळे. तिचा जन्म १८८० च्या सुमाराचा, झांझिबारमधल्या फुंबा गावी, गुलामगिरीत राहिलेल्या घरात. ती मातीची भांडी विकत असे. १९११ मध्ये ती शहरात आली आणि वादकांच्या संगतीत गाणे शिकली. १९२८ मध्ये ग्रामोफोन कंपनीने तिला आणि तिच्या साथीदारांना ध्वनिमुद्रणासाठी मुंबईला आणले. कारण व्यावहारिक होते: कंपनीची व्यवस्था मुंबईत होती, आणि मुंबई-मोम्बासा-झांझिबार अशी आगबोटीची नियमित ये-जा होती. त्या तबकड्या किनाऱ्यावर इतक्या खपल्या की १९३० च्या सुमारास इतर कंपन्यांनी ध्वनिमुद्रणाची यंत्रेच पूर्व आफ्रिकेत नेली.

ती स्वाहिलीत गायली, आणि गल्लीतल्या गोष्टी गायली. तिच्या एका प्रसिद्ध गाण्यात खुनाच्या खटल्याची हकीकत आहे: खुनी मुख्य भूमीवर पळून गेला आणि साक्ष द्यायला आलेल्या बायकांनाच शिक्षा झाली. दरबारी गाणे अशा विषयाला शिवलेही नसते. १९५० मध्ये ती वारली. कवी शाबान रॉबर्ट यांनी तिचे चरित्र लिहिले.

एक सूचना: जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची. प्रत्यक्ष मैफलीत गाणे दहा-पंधरा मिनिटेही चालते. तबकडीवर कडवी कापलेली असतात, त्यामुळे गोष्ट अर्धवट वाटली तर आश्चर्य नको.

दुसरा संबंध चित्रपटांचा. १९५० नंतर मोम्बासाला हिंदी चित्रपटांच्या चालींवर स्वाहिली कविता गाण्याची जोरदार लाट आली. जुमा भालो (मृत्यू २०१४) हे त्यातले सर्वांत मोठे नाव. हे नुसते भाषांतर नसे: चाल हिंदी, कविता पूर्ण नवी, विषय स्थानिक. चाल ओळखून ‘अरे, ही तर आपली’ म्हणणाऱ्या श्रोत्याला गाण्याचा निम्माही भाग कळलेला नसतो.

१०. गोवा आणि पोर्तुगीजांचा वाटा किती?

पोर्तुगीज मोम्बासाला होते. १५९३ मध्ये बांधायला घेतलेला फोर्ट जीझस १६९८ मध्ये त्यांच्या हातून गेला. पण आजच्या ताराबमध्ये बोट ठेवून दाखवावा असा पोर्तुगीज अंश नाही. गिटार दिसली म्हणून तो जोडू नये, ती फार नंतर आली. गोव्याचा संबंध वेगळ्या वाटेने आला. झांझिबारच्या सुलतानाच्या बँडमध्ये गोव्याचे वादक होते आणि तो राजवाड्यापुढे वाजत असे.

बँडचा खरा परिणाम ‘बेनी’त दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून किनाऱ्यावरच्या तरुणांनी लष्करी बँडची कवायत, गणवेश, हुद्दे उचलून त्यांचा नाच केला. गावोगाव दोन तट पडत. मारिनी आणि अरिनोती ही गाजलेली जोडी. झांझिबारच्या लग्नात बेनी अजून निघते, ट्रम्पेट आणि ढोल घेऊन.

११. किडुंबक आणि ताराब यात फरक काय? ते खोक्याचं वाद्य कसं वाजतं?

किडुंबक म्हणजे मोजक्या माणसांचे, नाचायचे ताराब. एक व्हायोलिन, मातीचे दोन छोटे ढोल (एकावर ठेका, दुसऱ्यावर भरणा), चेरेवा नावाची खुळखुळी, म्क्वासा नावाच्या आखूड काठ्या, आणि सांदुकू. गाणी बरेचदा ताराबचीच, पण लय वाढत जाते आणि एकातून दुसऱ्यात न थांबता जातात. ताराब बसून ऐकतात, किडुंबकला बसवत नाही.

सांदुकू म्हणजे चहाचे लाकडी खोके. करून पाहायचे असेल तर: पातळ प्लायवुडचे, साधारण गुडघ्याएवढे खोके उलटे ठेवा. वरच्या फळीच्या मध्यभागी भोक पाडून मजबूत दोरी ओवा, आणि आतून गाठीखाली लाकडी चकती द्या. नाहीतर फळी फाटते. दोरीचे दुसरे टोक चार फुटी काठीच्या शेंड्याला बांधा आणि काठीचा बुंधा खोक्याच्या कडेवर टेकवा. काठी मागे झुकवली की ताण आणि सूर दोन्ही चढतात. आवाज बसका येत असेल तर बहुधा खोक्याचे तोंड जमिनीने बंद केलेले असते. एका बाजूला विटेचा तुकडा सरकवा.

ढोलांचे कातडे दमट हवेत सैल पडते. वादक मध्येच उठून ढोल शेकोटीशी धरतात. कातडे आचेला सगळीकडून सारखे फिरवावे लागते. एकाच जागी धरले तर ते करपून चिरते.

१२. मैफलीत बायका उठून गायिकेला पैसे देतात. आपणही द्यावेत का?

द्यावेत, पण कडवे ऐकून. याला ‘कुतुंझा’ म्हणतात. बाई नाचत, नोट वर धरून पुढे येते आणि गायिकेच्या हातात ठेवते. त्या क्षणी जे कडवे चालू असते ते तिने आपले म्हणून उचलले, असा अर्थ होतो. कडवे सवतीला किंवा शेजारणीला टोचणारे असेल तर सभागृहातले डोळे लगेच दुसऱ्या बाईकडे वळतात. पाहुण्याने त्या वेळी उठणे म्हणजे न कळत भांडणात उडी. स्वागताच्या किंवा साध्या प्रेमाच्या गाण्यात जा. शंका असेल तर शेजारणीला विचारा. सुटी नोट ठेवा, गायिकेशी बोलत थांबू नका. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, आणि बायकांच्या भागात विचारल्याशिवाय फोटो नाही.

१३. आताचं कीबोर्डवरचं, टोमणेबाज ताराब हे खरं ताराब आहे का?

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ईस्ट आफ्रिकन मेलडीसारख्या गटांनी कीबोर्ड, गिटार आणि नाचता येईल असा ठेका आणला. शब्द उघडे झाले. थेट टोमण्यांना ‘मिपाशो’ म्हणतात. खदिजा कोपा हे त्यातले ठळक नाव. जुनी मंडळी नाराज झाली.

आमचे मत असे: टोमणा नवा नाही. १९४० नंतर झांझिबारला बायकांचे स्वतःचे ताराब गट होते, एकाचे नावच ‘रॉयल एअर फोर्स’, आणि ते एकमेकांवर गाण्यातून तुटून पडत. तेव्हा हे ताराबच आहे. हरवले ते दुसरेच: कीबोर्डमुळे मधले स्वर गेले (प्रश्न ७), आणि उघड शब्दांमुळे माफुंबो पातळ झाले. हे नुकसान खरे आहे आणि त्याबद्दल वाईट वाटते.

१४. समाज मुस्लिम आहे, मग संगीत चालतं कसं?

धार्मिक गायनाला तिथे ‘संगीत’ म्हणतच नाहीत. कसीदा (स्तुतिकाव्य) आणि मौलिदी (पैगंबरांच्या जन्माचे गायन) फक्त आवाजावर, किंवा सोबत ‘मातारी’ म्हणजे डफ घेऊन. तारांची वाद्ये नाहीत. झांझिबारच्या ‘मौलिदी या होमू’मध्ये पुरुष एका रांगेत गुडघ्यांवर बसून एका लयीत झुलतात. लामूला रियाधा मशिदीच्या परिसरात दरवर्षी मौलिदीचा मोठा उत्सव भरतो. ताराबबद्दल कर्मठ लोकांचा आक्षेप असतोच, आणि रमजानात जाहीर मैफली बंद असतात.

याच कारणाने मौलिदीची ध्वनिफीत ‘ताराब’ म्हणून कुणाला पाठवू नका. किनाऱ्यावरच्या माणसाला ते खटकते.

१५. सगळं ताराब स्वाहिलीतच असतं का?

नाही. दरबारात आणि सुरुवातीच्या क्लबात अरबी गाणी चालत, आणि जुने क्लब अजूनही अधूनमधून ती वाजवतात. मोम्बासाला हिंदी शब्द जसेच्या तसे ठेवलेली कडवीही मिळतात. कोमोरोमध्ये ‘त्वाराब’ तिथल्या कोमोरी भाषेत आहे.

१२ जानेवारी १९६४ च्या क्रांतीनंतर झांझिबारला सुलतानशाही संपली, आणि अरबी उच्चभ्रूंशी जोडलेल्या गोष्टींकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. १९५८ मध्ये सुरू झालेला गट पुढे सरकारच्या संस्कृती खात्याशी जोडला गेला. तोच आजचा कल्चर म्युझिकल क्लब.

१६. बी किदुदे ताराबच्या की न्गोमाच्या?

दोन्हींच्या. फातमा बिंती बराका, म्हणजे बी किदुदे (निधन १७ एप्रिल २०१३), सिती बिंती साद हिची गाणी गात आणि उन्यागोमध्ये म्सोंडो ढोल वाजवत. उन्यागो हा वयात आलेल्या मुलींना संसाराचे शिक्षण देण्याचा विधी, फक्त बायकांचा आणि बंद दाराआडचा. तो त्यांनी रंगमंचावर आणला, यावर तिकडे मतभेद होते. तुमच्या हाती घरगुती उन्यागोचे चित्रण आले तर ते पुढे पाठवू नका. रंगमंचावरचे चालेल.

१७. ऐकायला कधी आणि कुठे जावं?

फेब्रुवारीत झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये सौती झा बुसारा महोत्सव भरतो, जुन्या किल्ल्यात. पण तिथे सबंध आफ्रिकेचे संगीत असते, ताराब थोडे. क्लबच्या संध्याकाळच्या तालमी जास्त उपयोगाच्या: इख्वानी सफा मालिंदी मोहल्ल्यात, कल्चर म्युझिकल क्लब वुगा भागात. आधी विचारून जा. मालिंदी नावाचे शहर केनियातही आहे, ते वेगळे. शिकायचे असेल तर २००२ मध्ये स्थापन झालेली धाउ कंट्रीज म्युझिक अकॅडमी आहे. रमजान कोणत्या महिन्यात येतो ते पाहून तिकीट काढा.

१८. कानून विकत घेतला, पण कोकणात पावसाळ्यात सूर टिकत नाही. काय करू?

कानूनची घोडी लाकडावर नाही, ताणलेल्या कातड्याच्या चौकटींवर उभी असते. दमट हवेत कातडे सैल पडते, घोडी खचते आणि सगळ्या तारा एकदम उतरतात. लोक मग सगळ्या चढवतात. आठवड्याने कोरडी हवा आली की कातडे आक्रसते, ताण वाढतो, आणि तार तुटते किंवा कातडे फाटते. म्हणून पावसाळ्यात सबंध वाद्य अर्धा स्वर खाली लावून तिथेच ठेवा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदलत राहा. लावताना तीन तारांपैकी मधली आधी जुळवा, बाकी दोन तिच्याशी. कातडे वारंवार खचत असेल तर दुरुस्तीत कृत्रिम पडदा बसवून घेता येतो. आवाज थोडा कोरडा होतो.

१९. ताराबच्या चालीवर मराठी शब्द बसवता येतील का?

येतील. ८+८ चा साचा (प्रश्न ८) मराठीला सोपा आहे, पण तीन ठिकाणी अडते. स्वाहिलीत शब्द स्वरावर संपतो, आणि गायक थांब्यावरचा तो स्वर लांबवतो. मराठीत ‘घर’, ‘वाट’ असे शब्द थांब्यावर आले की आवाज व्यंजनावर आपटतो. तिथे ‘घरी’, ‘वाटे’ अशी स्वरान्त रूपे घ्या. दुसरे, मधले यमक सोडू नका. नुसते शेवटचे यमक ठेवले तर व्हायोलिने जिथे उत्तर देतात ती जागा रिकामी वाटते. तिसरे, मूळ कवितेत काटा असेल तर मराठीतही काटाच राहू द्या. तो कोण, हे शेवटच्या कडव्यात सांगायचा मोह होतो. ती ओळ खोडा.